एका वाचनालयाची कात्रणसेवा आणि मनोहर जोशींचे अकरा लखोटे

मुंबईच्या उपनगरातील एका जुन्या सार्वजनिक वाचनालयात वृत्तपत्रांच्या कात्रणांचा संदर्भ विभाग अजून चालू आहे, ही गोष्ट मला निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, तीही एका माजी विद्यार्थ्याकडून कळली. शिक्षकांसाठी निघणाऱ्या एका नियतकालिकाने माझ्याकडे लेख मागितला होता आणि विषय होता वर्गातून राजकारणात गेलेली माणसे. मी मनोहर जोशींची निवड केली. महापौर, मुख्यमंत्री, केंद्रीय मंत्री, लोकसभेचे अध्यक्ष अशी पदे त्यांच्याकडे येत गेली आणि जात गेली, पण शिवसैनिकांच्या आणि पत्रकारांच्या तोंडी ते शेवटपर्यंत ‘सर’च राहिले. ज्या माणसाला पहिल्या व्यवसायाच्या नावाने आयुष्यभर हाक मारली गेली, त्याच्या राजकीय कारकिर्दीत त्या व्यवसायाचे कितपत उरले होते, हे मला कागदोपत्री पाहायचे होते. त्यासाठी मी ही सेवा तीन महिने वापरली. वाचनालयाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्या ज्यांच्या कानी जायला हव्यात त्यांना मी त्या लेखी दिल्या आहेत.

सेवेचे स्वरूप आधी सांगतो. वाचनालयाच्या वार्षिक वर्गणीखेरीज संदर्भ विभागासाठी तीन महिन्यांचे ३०० रुपये वेगळे भरावे लागतात आणि छायाप्रतीला पानामागे ३ रुपये पडतात. दर्शनी भागात एक लाकडी कपाट आहे, त्याच्या छोट्या खणांत सूचिपत्रके आहेत आणि प्रत्येक पत्रकावर एक शीर्षक व लखोट्यांचे क्रमांक आहेत. क्रमांक चिठ्ठीवर लिहून दिला की आतून खाकी लखोटा येतो. त्यात फुलस्केप कागदावर डिंकाने चिकटवलेली कात्रणे असतात, कोपऱ्यात रबरी शिक्क्याने तारीख उमटवलेली असते आणि तिच्याखाली वृत्तपत्राचे आद्याक्षर शाईने लिहिलेले असते. एका वेळी एकच लखोटा मिळतो, टिपणे पेन्सिलनेच काढावी लागतात आणि दुपारी दीड ते दोन विभाग बंद असतो. हे नियम मला जाचक वाटले नाहीत. तारखेचा शिक्का मात्र अनेक ठिकाणी इतका पुसट आहे की बातमीच्या मजकुरावरून तारीख ताडावी लागते, आणि संदर्भसेवेत हा दोष किरकोळ म्हणता येणार नाही.

पहिल्या दिवशी मी खिडकीशी जाऊन ‘जोशी सरांची कात्रणे हवी आहेत’ असे म्हटले. विभाग सांभाळणाऱ्या मॅडमनी शांतपणे विचारले, “कोणते जोशी सर?” हा प्रश्न विनोदाचा नव्हता. पत्रकांच्या खणात जोशी आडनावाची पत्रके दोन बोटे जाड होती आणि त्यांत प्राध्यापक, गवई, क्रिकेटपटू असे सगळे होते. मनोहर गजानन जोशी या नावाखाली अकरा लखोट्यांची नोंद निघाली. त्यांतला एक १९९५ पूर्वीचा, सहा मुख्यमंत्रिपदाच्या काळाचे, दोन दिल्लीतल्या वर्षांचे, एक त्यानंतरचा आणि एकावर नुसते ‘संकीर्ण’ लिहिलेले.

ही वाटणी पाहूनच माझ्या लक्षात आले की सेवेचा सर्वांत मोठा गुण आणि सर्वांत मोठा दोष एकाच ठिकाणी आहे. जोशी १९६७ च्या सुमारास शिवसेनेत आले, १९६८ मध्ये मुंबई महानगरपालिकेत निवडून गेले, १९७२ पासून १९८९ पर्यंत विधान परिषदेचे सदस्य होते आणि त्याच काळात, १९७६-७७ मध्ये, मुंबईचे महापौर होते. म्हणजे दोन दशकांहून अधिक काळाची कारकीर्द एका लखोट्यात, आणि १४ मार्च १९९५ ते ३१ जानेवारी १९९९ ही चार वर्षांनाही थोडी कमी पडणारी मुदत सहा लखोट्यांत. कात्रणे कापणाऱ्याचा नियम असा दिसतो की मथळ्यात नाव आले तरच ते कात्रण व्यक्तीच्या लखोट्यात जायचे. मुख्यमंत्र्याचे नाव रोज मथळ्यात येते. विधान परिषदेत प्रश्न विचारणाऱ्या सदस्याचे नाव बातमीच्या चौथ्या परिच्छेदात येते आणि ती बातमी ‘विधिमंडळ’ या अथांग शीर्षकाखाली बुडून जाते. जो वाचक केवळ व्यक्तीचे अकरा लखोटे चाळून घरी जाईल, त्याची अशी समजूत होईल की जोशी हे १९९५ साली आकाशातून पडले.

तसे होऊ नये म्हणून मॅडमनी मला दुसऱ्या आठवड्यात जी वाट दाखवली, ती या सेवेची खरी किंमत आहे. त्यांनी व्यक्तीचे पत्रक बाजूला ठेवायला लावले आणि संस्थांची पत्रके काढली: मुंबई महानगरपालिका (निवडणूक), मुंबई महानगरपालिका (महापौर), शिवसेना (स्थापना व विस्तार). त्या लखोट्यांत १९६८ ची महापालिका निवडणूक सविस्तर आहे. दोनच वर्षांपूर्वी स्थापन झालेल्या शिवसेनेने प्रजा समाजवादी पक्षाशी युती करून त्या निवडणुकीत ४२ जागा जिंकल्या होत्या, आणि मोर्चा-बंदची भाषा बोलणाऱ्या संघटनेला एकाएकी सभाशास्त्र, अंदाजपत्रक आणि उपसूचना यांची गरज पडली होती. अशा वेळी एम. ए., एलएल. बी. झालेला, महापालिकेतच काही काळ कारकुनी केलेला आणि रोज वर्गापुढे उभे राहून बोलण्याची सवय असलेला माणूस पक्षाला किती उपयोगाचा होता, हे महापौरांच्या लखोट्यावरून कळते. १९७१ मध्ये डॉ. हेमचंद्र गुप्ते, १९७३ मध्ये सुधीर जोशी, १९७६ मध्ये मनोहर जोशी: शिवसेनेचे हे सुरुवातीचे महापौर पाहिले की तिच्या रस्त्यावरच्या प्रतिमेशी न जुळणारी, सुशिक्षित, मध्यमवर्गीय, सभागृहात वावरू शकणारी अशी एक फळी तिच्याकडे होती हे स्पष्ट होते. जोशींचे महापौरपद आणीबाणीत सुरू झाले आणि शिवसेनेने आणीबाणीला पाठिंबा दिला होता, ही गोष्टही याच लखोट्यात नीट दिसते. व्यक्तीच्या लखोट्यात तिचा मागमूस नाही.

येथे एक गोंधळ नोंदवला पाहिजे, कारण तो मला दोन दिवस नडला. सुधीर जोशी हे मनोहर जोशींचे भाचे, वयाने जवळपास बरोबरीचे, दोघेही महापौर आणि पुढे एकाच मंत्रिमंडळात. त्यामुळे मथळ्यात नुसते ‘जोशी’ असलेली काही कात्रणे मामाच्या लखोट्यातून भाच्याच्या लखोट्यात आणि उलट गेलेली आहेत. दिल्लीच्या लखोट्यांत याहून मोठी गंमत आहे. १९९९ ते २००२ या काळात वाजपेयी यांच्या मंत्रिमंडळात मनोहर जोशी अवजड उद्योग व सार्वजनिक उपक्रम खाते सांभाळत होते आणि मुरली मनोहर जोशी मनुष्यबळ विकास खाते सांभाळत होते. मुरली मनोहर जोशी हेही पूर्वाश्रमीचे शिक्षक, अलाहाबाद विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. कापणाऱ्याच्या घाईत अभ्यासक्रमावरच्या वादाची पाच-सहा कात्रणे आपल्या जोशी सरांच्या लखोट्यात येऊन बसली आहेत. मी क्षणभर हरखलो होतो की सरांनी दिल्लीत जाऊन शिक्षणावर इतके बोलून ठेवले आहे. बातमीचा तिसरा परिच्छेद वाचल्यावर जमिनीवर आलो. ही कात्रणे मी वेगळी काढून मॅडमच्या हाती दिली. त्यांनी ती योग्य ठिकाणी लावण्याचे आश्वासन दिले आणि पुढच्या खेपेला ती खरोखरच हललेली होती, हे सांगितले पाहिजे.

माझा मूळ शोध मात्र वर्गाचा होता आणि तेथे सेवा सपशेल अपुरी पडली. जोशींचा जन्म २ डिसेंबर १९३७ चा, रायगड जिल्ह्यातल्या नांदवी गावचा. घरची गरिबी, माधुकरी मागून केलेले शिक्षण, मग मुंबई, महापालिकेतली नोकरी, आणि १९६१ मध्ये दादरला सुरू केलेले कोहिनूर वर्ग, ही आठवण संकीर्ण लखोट्यातल्या दोन-तीन मुलाखतवजा लेखांत येते आणि दरवेळी साधारण त्याच शब्दांत येते. कोहिनूरचे महत्त्व एका वाक्यात उरकण्याजोगे नाही. वायरमन, प्लंबर, रेडिओ-टीव्ही दुरुस्ती असे हाताला काम देणारे शिक्षण ज्या मुलांना महाविद्यालयाचे दार उघडत नव्हते त्यांना तेथे मिळत होते. हीच मुले साठ-सत्तरच्या दशकांत गिरणगावातून आणि दादर-परळच्या चाळींतून शिवसेनेच्या शाखांकडेही वळत होती. शाखेवर नोकरीच्या मागणीची घोषणा आणि वर्गात नोकरीपुरते कौशल्य, या दोन गोष्टी एकाच माणसाच्या दिनक्रमात शेजारी होत्या. माझ्या लेखाचा कणा हाच होता.

पण कात्रणसेवेत जाहिराती ठेवत नाहीत. बातमी कापायची आणि भोवतालचा कागद टाकून द्यायचा, अशी पद्धत सुरुवातीपासून आहे. शिकवणी वर्गाचे किंवा तंत्रशिक्षणाच्या खासगी संस्थेचे आयुष्य मात्र बातम्यांत नसते, ते छोट्या जाहिरातींत असते: कोणता अभ्यासक्रम, किती महिन्यांचा, कोणत्या पात्रतेवर, सकाळी की संध्याकाळी. म्हणजे ज्या कागदावर ‘सर’ होते तो कागदच कात्रीने वगळला. मी हे मॅडमना सांगितले तेव्हा त्यांनी तळमजल्यावरचे बांधीव अंक पाहण्याची शिफारस केली. त्यासाठी ग्रंथपालांची वेगळी परवानगी लागते, ती आठ दिवसांनी मिळते, आणि मिळाल्यावर कळते की ज्या वर्षाचा खंड हवा त्याच वर्षाची बांधणी सुटल्यामुळे तो दुरुस्तीला काढून ठेवला आहे. त्या खंडासाठी घातलेल्या दोन्ही खेपा फुकट गेल्या. परवानगी देण्यापूर्वी खंड उपलब्ध आहे की नाही हे पाहायला पाच मिनिटे लागली असती.

मुख्यमंत्रिपदाच्या सहा लखोट्यांविषयी मात्र कौतुकाने लिहिले पाहिजे. येथे एकाच दिवसाच्या घटनेवरची तीन-चार वृत्तपत्रांची कात्रणे एकाखाली एक लावलेली आहेत. १९९५ च्या निवडणुकीत २८८ पैकी शिवसेनेला ७३ आणि भाजपला ६५ जागा मिळाल्या. १३८ चे हे गणित अपक्षांच्या आधाराने पुरे झाले आणि शिवाजी पार्कवर शपथविधी झाला. मुख्यमंत्री जोशी, उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे आणि सरकारचा ‘रिमोट कंट्रोल’ आपल्या हाती असल्याचे जाहीरपणे सांगणारे बाळासाहेब ठाकरे, या तिघांची रचना पहिल्या महिन्यापासून मथळ्यांत आहे. लखोटे सलग वाचताना मला जाणवले की पुष्कळ कात्रणांत मुख्यमंत्र्यांचे वाक्य हे दुसऱ्या कोणाच्या तरी वाक्यावरचे उत्तर आहे. ‘मातोश्री’वरून एक विधान येते, विरोधक त्यावर तुटून पडतात आणि मुख्यमंत्री मृदू शब्दांत त्याचा असा अर्थ लावतात की तो प्रशासनाच्या भाषेत बसावा. कठीण उतारा सोप्या शब्दांत फोडून सांगण्याचे हे काम मी पस्तीस वर्षे केले आहे, त्यामुळे ते मला लगेच ओळखू आले. फरक इतकाच की वर्गातला उतारा निवडण्याचे थोडेफार स्वातंत्र्य शिक्षकाला असते.

विषयवार पाहिले तर या लखोट्यांतील दर्जा समान नाही. दाभोळच्या एन्रॉन वीजप्रकल्पाचा प्रवास उत्तम लावलेला आहे: निवडणुकीतला विरोध, ऑगस्ट १९९५ मध्ये करार रद्द करण्याची घोषणा, मग फेरवाटाघाटी आणि १९९६ च्या सुरुवातीला नव्या अटींवर संमती. हा सगळा क्रम एका लखोट्यात, तारखेनुसार, एकही दुवा न निसटता मिळतो आणि ज्याला सरकारी धोरणाची कोलांटउडी कशी घडते हे शिकवायचे आहे त्याने हा लखोटा वर्गात न्यावा. एक रुपयातली झुणका-भाकर केंद्रे, ४० लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरांचे आश्वासन व त्यातून उभे राहिलेले झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, १९९५ मध्येच ‘बॉम्बे’चे अधिकृतपणे झालेले ‘मुंबई’, १९९६ चे रस्ते विकास महामंडळ, मुंबईतले ५५ उड्डाणपूल आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग यांची कात्रणे भरपूर आहेत. पुलांची छायाचित्रे तर इतकी आहेत की कापणारा मनुष्य सार्वजनिक बांधकामाचा चाहता असावा.

१९९२-९३ च्या मुंबई दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाविषयीची कात्रणे मात्र दोन लखोट्यांत फाटली आहेत. सरकारने जानेवारी १९९६ मध्ये आयोग गुंडाळला, त्याच वर्षी मे महिन्यात तो पुन्हा नेमला, फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल हाती आला आणि ऑगस्टमध्ये तो सभागृहापुढे ठेवताना सरकारने त्याचे निष्कर्ष फेटाळले. यांतला पहिला भाग व्यक्तीच्या लखोट्यात आहे आणि दुसरा ‘दंगली’ या शीर्षकाखाली आहे. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय जोशींच्या कारकिर्दीतला हा सर्वांत गंभीर निर्णय समजत नाही, आणि सूचिपत्रकावर ‘तसेच पाहा’ अशी एक ओळ असती तर काम भागले असते.

असेच एक मोठे प्रकरण व्यक्तीच्या लखोट्यातून पूर्ण गायब आहे. १९९० मध्ये जोशी दादरमधून विधानसभेवर निवडून आले आणि विरोधी पक्षनेते झाले. त्या निवडणुकीत महाराष्ट्रात पहिले हिंदू राज्य स्थापन होईल अशा अर्थाचे विधान त्यांनी केल्यावरून निवडणूक याचिका दाखल झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची निवड रद्द केली. ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. तोवर ते मुख्यमंत्री होऊन नऊ महिने झाले होते. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या खंडपीठाने त्या विधानाविषयी तीव्र नापसंती व्यक्त केली, पण ती धर्माच्या आधारे मते देण्याची हाक नसून एक आशा व्यक्त करणे आहे असे म्हटले. त्याच दिवशी दिलेल्या निकालांतून हिंदुत्व हा शब्द आणि निवडणूक कायदा यांचे नाते पुढची अनेक वर्षे चर्चेत राहिले. अशा निकालावर ज्याचे नाव आहे त्याच्या लखोट्यात त्याचे एकही कात्रण नसावे, हे मला खटकले. ती सगळी ‘न्यायालये (निवडणूक याचिका)’ या शीर्षकाखाली सापडली. शोधायला मला अकरा दिवस लागले आणि सापडली तीही दुसऱ्याच उमेदवाराची कात्रणे चाळताना.

१९९६ च्या लखोट्यातला एक कोपरा शिक्षकांनी अवश्य पाहावा. राज्य सरकारने सुरू केलेला पहिला महाराष्ट्र भूषण पुरस्कार पु. ल. देशपांडे यांना मिळाला. तो स्वीकारताना पु. लं.नी राज्यातल्या वातावरणाविषयीची आपली खंत लपवली नाही आणि त्यावर शिवसेनाप्रमुखांची जी तिखट प्रतिक्रिया आली तिने मराठी वाचक अस्वस्थ झाला. पुरस्कार देणाऱ्या सरकारचे प्रमुख म्हणून जोशी त्या दोघांच्या मध्ये उभे होते, आणि त्या आठवड्याची कात्रणे सलग वाचली की त्यांच्या पदाची अडचण कोणत्याही अग्रलेखाशिवाय कळते.

राजीनाम्याचा लखोटा वाचताना माझ्यातला शिक्षक सर्वांत जास्त अस्वस्थ झाला. पुण्यात प्राथमिक शाळेसाठी राखीव असलेल्या भूखंडावरचे आरक्षण उठवून तेथे निवासी इमारतीला परवानगी मिळाली, त्या बांधकामाशी मुख्यमंत्र्यांच्या जावयांचा संबंध होता, आणि प्रकरण उच्च न्यायालयात असतानाच जानेवारी १९९९ मध्ये पक्षप्रमुखांच्या आदेशावरून जोशींनी पद सोडले. त्यांच्या जागी नारायण राणे आले. पुढे उच्च न्यायालयाने ती परवानगी बेकायदा ठरवली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल मुख्यतः कायम ठेवला. ज्या माणसाने स्वतः वर्ग काढून नाव मिळवले, त्याच्या मुख्यमंत्रिपदाची अखेर एका न झालेल्या शाळेच्या जागेवरून व्हावी, हे मी लेखात कसे लिहावे याचा आठवडाभर विचार केला आणि शेवटी तारखा एकाखाली एक लिहून थांबलो. वाचनालयाकडे २०११ च्या निकालाचे कात्रण आहे, पण ते ‘पुणे (नगररचना)’ येथे लावलेले आहे. येथे तरी मी कोणाला दोष देणार नाही. बारा वर्षांनी आलेल्या निकालाचा धागा जुन्या लखोट्याला जोडायला कापणाऱ्याची स्मरणशक्ती दांडगी लागते.

दिल्लीचे दोन लखोटे तुलनेने हलके आहेत. मुंबई उत्तर-मध्यमधून १९९९ मध्ये लोकसभेवर गेलेल्या जोशींचे अवजड उद्योग खाते मराठी वृत्तपत्रांना फारसे रुचले नसावे. (याच मतदारसंघातून १९८४ मध्ये ते भाजपच्या चिन्हावर लढले होते आणि पराभूत झाले होते, हे कात्रण १९९५ पूर्वीच्या लखोट्यात आहे आणि वाचनीय आहे.) मार्च २००२ मध्ये जी. एम. सी. बालयोगी यांचे हेलिकॉप्टर अपघातात निधन झाले आणि १० मे २००२ रोजी जोशींची अध्यक्षपदी बिनविरोध निवड झाली. तेथपासून लखोटा पुन्हा भरतो. फेब्रुवारी २००३ मध्ये मध्यवर्ती सभागृहात सावरकरांच्या तैलचित्राचे अनावरण आणि त्यावरचा विरोधकांचा बहिष्कार, ऑगस्ट २००३ मधला वाजपेयी सरकारविरुद्धचा अविश्वासाचा ठराव, या प्रसंगांची कात्रणे व्यवस्थित आहेत. लोकसभेचे अध्यक्ष म्हणजे वर्गशिक्षक, ही उपमा लेखात घालण्याचा मोह मी टाळला. वर्गात शिक्षक बोलतो आणि मुले ऐकतात. अध्यक्षाला पाचशेहून अधिक माणसांना बोलू द्यावे लागते आणि स्वतःला गप्प बसावे लागते. जोशी वक्तशीर होते आणि विरोधी पक्षांतही त्यांचे स्नेही होते, या दोन गोष्टी तेथे त्यांच्या अधिक कामी आल्या असाव्यात. अध्यक्षपदी असतानाच २००४ च्या निवडणुकीत काँग्रेसचे एकनाथ गायकवाड यांनी त्यांचा पराभव केला.

त्यानंतरच्या लखोट्यात २००६ ते २०१२ ची राज्यसभा आहे, ती चार-पाच कागदांत संपते, आणि मग ऑक्टोबर २०१३ चा दसरा मेळावा येतो. शिवाजी पार्कवर, जेथे अठरा वर्षांपूर्वी त्यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली होती, तेथेच पंचाहत्तरी ओलांडलेल्या सरांविरुद्ध घोषणा झाल्या आणि ते व्यासपीठावरून उतरून निघून गेले. या एका संध्याकाळची कात्रणे मी मोजली: एकोणीस. विधान परिषदेतल्या सतरा वर्षांची कात्रणे व्यक्तीच्या लखोट्यात तेरा आहेत.

आता उपयोगाचे दोन शब्द. १९९५ पूर्वीच्या मराठी वृत्तपत्रांतला मजकूर आंतरजालावर शोधून सहजी हाती लागत नाही, त्यामुळे महाराष्ट्राच्या राजकारणावर गंभीरपणे लिहिणाऱ्याला ३०० रुपयांत अशी सेवा मिळणे स्वस्तच आहे. फक्त जाताना व्यक्तीचे नाव घेऊन जाऊ नये; संस्था, समिती, मतदारसंघ आणि वादाचा विषय यांची यादी करून जावे आणि पहिला दिवस लखोटे न मागता सूचिपत्रकांतच घालवावा. गुरुवारी मॅडम रजेवर असतात आणि त्यांच्या जागी बसणारे गृहस्थ मागाल तेवढेच देतात, म्हणून गुरुवार टाळावा. छायाप्रती काढणाऱ्या यंत्रातून पिवळ्या कागदाची प्रत काळपट येते. मी नंतर हाताने उतरवून घेणेच पसंत केले आणि त्यात शिक्षकी पेशाची सवय उपयोगी पडली. १९८० च्या दशकात मधूनमधून पाच-सहा महिन्यांची कात्रणेच नाहीत, त्या काळात कापायला माणूस नव्हता असे कळले. त्याची सूचना पत्रकावर असायला हवी; नाहीतर त्या महिन्यांत काही घडलेच नाही असे वाचक धरून चालतो.

२३ फेब्रुवारी २०२४ रोजी जोशींचे निधन झाले तेव्हाची कात्रणे अकराव्या लखोट्यात अखेरीला आहेत. जानेवारी २०२५ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मभूषण जाहीर झाले, ती बातमी तेथे लागलेली नव्हती. मी घरच्या वर्तमानपत्रातून ती कापून नेली. मॅडमनी कोपऱ्यात तारखेचा शिक्का मारला, आद्याक्षर लिहिले, डिंक लावला आणि विचारले, “सर, हे कुठे लावू? व्यक्तीत की पुरस्कारांत?” मी म्हटले, व्यक्तीतच लावा, पण ‘शिक्षक’ असे एक नवे पत्रक करून त्यावर ‘तसेच पाहा: जोशी, मनोहर गजानन’ एवढी नोंद करता आली तर बरे होईल. नवे शीर्षक उघडायला ग्रंथपालांची मंजुरी लागते, अर्ज द्या, असे त्या म्हणाल्या. अर्ज दिला आहे, आणि त्याची पोच माझ्याकडे आहे.